उसाकडे तोंड केलेली खुर्ची

माझं अक्षर किरटं आहे, आणि कुठली वेलांटी पहिली, कुठली दुसरी हे चौथीत समजलं नाही ते अजूनही समजलेलं नाही. हे कुणाच्या हाती पडलं तर त्याने चुका पोटात घालाव्यात. माझ्याबरोबर पोरींना फुटबॉल शिकवणारी सुरेखा म्हणते, पेपरच्या पुरवणीत चौगुले बाईंवर कुणीतरी लिहायला पाहिजे, तूच लिही. मी नको म्हणाले. पण शाळेची खिचडी उतरवून, भांडी घासून घरी आले की दुपारी थोडं थोडं लिहीत बसते. बाईंना जाऊन महिना होऊन गेला, आणि जे सांगायचं आहे ते मला तोंडाने सांगता येत नाही...

निरोप आला तेव्हा मी मैदानावर फक्की मारत होते. सामन्याच्या रेघा आखायची ती पांढरी भुकटी. सुरेखाचा फोन वाजला. सांगलीहून, विश्रामबागेतून बाईंचा भाचा बोलत होता. सुरेखाने फोन कानावरून काढून माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं. रडू येण्याच्या आधी मला लाज वाटली. पोरी भोवती गोळा झाल्या. म्हणाल्या, "मॅडम, तुमी बाईंच्या लय जवळच्या." मी मान वर केली नाही. हातातली रेघ पुरी केली. ती वाकडी आली.

चौगुले बाई सांगलीच्या मुलींच्या शाळेत खेळ शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर आठवड्यातून दोनदा एसटीने इस्लामपूरला आणि तिथून वडापच्या जीपने आमच्या गावात यायच्या. हायस्कूलच्या मागे उसाला लागून मोकळी जागा आहे, तिथे पोरींना फुटबॉल शिकवायच्या. पोरी तयार झाल्या, त्यातल्या चांगल्या दोघी-तिघी धाकट्यांना शिकवायलाही लागल्या, आणि एकामागून एक लग्न होऊन गेल्या. एकदा एका पोरीच्या हळदीला बाई आल्या होत्या. जेवण झाल्यावर बायकांच्या घोळक्यात बसून म्हणाल्या, "मला आता पोरी नकोत. मला सुना पाहिजेत."

एक म्हातारी म्हणाली, "बाई, सुना काय बाजारात मिळत्यात व्हय? मिळाली तर एक आमच्यासाठी बी आणा. हाय ती ऐकत न्हाई."

सगळ्या हसल्या. बाईही हसल्या. मग म्हणाल्या, "शिकवणारी पोर लग्न होऊन जाते, सगळं परत पहिल्यापासून. सून कुठे जात नाही. खेळणारी पोर गावाची, शिकवणारी सून गावाची. असं जमलं तर मी मेल्यावरही खेळ चालेल."

बायकांना ती गंमत वाटली. मी पत्रावळ्या उचलत होते, बाईंनी माझा हात धरला. माझं माहेर मेढ्याकडचं, डोंगरातलं. वाडीतल्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग होते, तेवढीच मी शिकले. इथे शाळेत पोषण आहार शिजवते. मी हळूच म्हणाले, "बाई, मी चौथी झालेली." बाई म्हणाल्या, "शिकवायचंय कुणाला? चौथीतल्याच पोरींना ना? मग पुरे."

मी आणि सुरेखा, अशा दोघी सुना तयार झाल्या. साडी खोचून आम्ही आधी स्वतः चेंडू अडवायला शिकलो, मग शिकवायला. बाईंची शिकवायची एक तऱ्हा होती. आम्ही पोरींचा सराव घ्यायला लागलो की त्या प्लॅस्टिकची खुर्ची उचलून रेघेबाहेर न्यायच्या आणि मैदानाकडे पाठ करून, उसाकडे तोंड करून बसायच्या. येणारे-जाणारे हसायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "बघितलं की मला राहवत नाही, मीच शिकवायला लागते. मग तू कधी शिकणार? मी कानाने ऐकते. जिची हाक ऐकू येते ती कोच." सराव संपला की खुर्ची वळवायच्या आणि आम्ही कुणाला काय सांगितलं, कुणाला सांगायचं राहिलं, हे सगळं सांगायच्या. स्पर्धेच्या कागदावर प्रशिक्षक म्हणून त्यांनी स्वतःचं नाव कधी लिहिलं नाही. कुणी विचारलं, मॅडम, तुम्ही कोण, तर म्हणायच्या, "मी पोरींबरोबर आलेली म्हातारी. कोच त्या बघा, हिरव्या पदराच्या." मी तेव्हा सुरेखाच्या मागे लपायची.

आता जे लिहायचं आहे ते...

आमच्या संघात तारा नावाची पोर होती. बचावाला खेळायची, चपळ, कान तिखट. माझ्या सासूबाईंचं नावही तेच. आमच्याकडे सुनेने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, तसंच सासू-सासऱ्यांचंही नाही. लग्न होऊन आले तेव्हा थोरल्या जावेने पहिल्या दिवशीच बजावलं होतं. गावातल्या तारा नावाच्या बायकांना मी अमकीची आई, तमकीची आई म्हणते. या पोरीला मी कधी "ए बाळ" म्हणायची, कधी "अगं ती", कधी नुसती टाळी वाजवायची. सरावात चालून जायचं.

साताऱ्याच्या सामन्यात ते चाललं नाही. आमचे थोरले दीर टेम्पोतून पोरींना घेऊन आले होते आणि माझ्या शेजारीच रेघेजवळ उभे होते. बाईंनी इथेही कुणाकडून तरी खुर्ची मागून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. बरोबरीत सामना होता, संपत आलेला. चेंडू ताराच्या पायाशी आला. तिला वाटलं आपण एकटीच आहोत. तिच्या मागून समोरच्या संघाची उंच पोर धावत येत होती. मला स्पष्ट दिसत होतं. मी तोंड उघडलं. "ता" एवढंच जिभेवर आलं असेल... शेजारी दीर. मी ओरडले, "ए पोरी!"

मैदानावर सगळ्याच पोरी. आमच्या झाडून सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, तारासुद्धा. मागून आलेल्या पोरीने चेंडू नेला आणि गोल केला.

तारा रडत आली. "मॅडम, तुमी मला हाकच मारली न्हाई. समद्यांस्नी मारता, मलाच कवा मारत न्हाई." मी तिला जवळ घ्यायला पाहिजे होतं. मी पाण्याच्या बाटल्या गोळा करत राहिले. बाई आल्या, विचारलं, "काय झालं गं, संगीता?" मी म्हणाले, "घसा बसलाय, बाई."

गावात आल्यावर शाळेत बैठक झाली. स्पर्धेसाठी मदत करणारे गावातले पुढारी म्हणाले, बायकांच्या हातात संघ द्यायचा म्हणजे असंच होणार, इस्लामपूरहून एखादे सर आणू, या दोघी पाणीबिणी बघतील. मी आत गेले नव्हते, खिचडीच्या चुलीपाशी उभी राहून ऐकत होते. बाईंचा आवाज आला, "सरांचा संघ कधी हरत नाही का? तिचा घसा बसला होता. घसा बरा होतो. तयार झालेली कोच अशी टाकून दिली तर दुसरी कुठली सून पुढे येईल, सांगा मला."

माझं खोटं बाईंनी चारचौघांत स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आणि त्यावर माझी आणि सुरेखाची जागा राहिली. त्यानंतर दर खेपेला त्या माझ्यासाठी सांगलीहून खडीसाखरेची पुडी आणायच्या. "घशाला चांगली असते." मी घ्यायची. काय करणार?

शेवटची भेट त्यांच्या घरी. अंथरुणावर होत्या, आवाज बारीक झाला होता. मी पाय चेपत होते. म्हणाल्या, "घसा कसा आहे?"

"बरा हाय, बाई."

"तो कधी बसलाच नव्हता. 'ए पोरी' मी भिंतीकडे तोंड करून ऐकलं. खणखणीत होतं."

माझे हात थांबले. म्हणाले, "मग खडीसाखर कशाला आणत होता?"

"आज ना उद्या सांगशील म्हणून." थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "कुणाचं नाव आहे ते घरात? सासूचं?" मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. पण म्हणाल्या, "सासूबाईंना कधी विचारलंस, घेऊ का म्हणून?"

"न्हाई."

"विचार. त्या पोरीचं नाव तिचं आहे, ते तिला दे."

मी हो म्हणून आले. आणि विचारलं नाही. आज विचारते, उद्या विचारते, पाहुणे आहेत, आत्या रागात आहेत... सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. असं करता करता सुरेखाचा फोन वाजला. बाईंनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. एकच गोष्ट मागितली, ती घरातल्या घरात एक वाक्य बोलण्याची, आणि ती त्या असेपर्यंत माझ्याने झाली नाही.

मागच्या आठवड्यात आत्या दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी शेजारी बसले. सुपाकडे बघत म्हणाले, "आत्या, शाळेत एक पोर हाय. तिचं नाव तुमचंच हाय. हाक मारावी लागती."

"मग मार की."

"नाव घेऊन?"

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग काय शिट्टी वाजवून? नाव हाय माजं, इंगळी न्हाई डसायला. तुला कुणी सांगितलं घिऊ नगं म्हणून?"

"थोरल्या जाऊबाईंनी."

"ती काय बी सांगती. मला इचारायचं." मग शेंग फोडता फोडता म्हणाल्या, "बरी खेळती का?"

"लय चांगली खेळती."

"मग जोरात मार."

एवढंच होतं. एवढ्यासाठी एका पोरीला रडवलं, आणि एका मरणाऱ्या बाईला दिलेला शब्द... मी सूप घेऊन आत गेले आणि चुलीपाशी बराच वेळ बसून राहिले.

बाईंची खुर्ची अजून मैदानावर जाते. न्यायला कुणी सांगत नाही. सरावाच्या आधी सुरेखा ती शाळेतून आणते आणि रेघेबाहेर उसाकडे तोंड करून ठेवते. काल पोरी दोन संघ करून खेळत होत्या. तारा आता उंच झाली आहे. चेंडू तिच्या पायाशी आला आणि मागून एक बारकी पोर धावत निघाली. मी खुर्चीच्या पाठीकडे बघितलं आणि ओरडले,

"तारा! तारा, मागं बघ!"

उसातले बगळे उडाले. ताराने चेंडू अडवून धरला, वळली आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"एवढ्या मोठ्यानं कशाला वरडताय, मॅडम? मी हितंच हाय की."