दगडाची मागची बाजू

“नकाशा वाचून कुठं सांगली घावती व्हय गड्या?” पुढे बसलेले माझे काका ड्रायव्हरला म्हणाले आणि दोघेही हसले. मी मांडीवरचा नकाशा घडी घालून पिशवीत ठेवला. साताऱ्याहून निघालेल्या त्या जुन्या जीपमध्ये मी मागच्या बाकावर, डिझेलच्या वासात, आडवी बसले होते. सांगलीच्या कॉलेजात दुपारी माझी प्रवेशाची मुलाखत होती. ती हुकली असती तर पुढचं वर्ष मला घरात कोणी दिलं नसतं. तासगावात फाटा लागला, तेव्हा टपरीवरच्या माणसाने चहाचा कप हातात धरूनच मान उडवली, “सरळ जावा की, आलीच सांगली!” आमच्याकडे रस्ता विचारला तर ‘माहीत नाही’ असं कोणी म्हणत नाही. थोड्या वेळाने द्राक्षबागा संपल्या, माळ सुरू झाला, मेंढरं दिसू लागली. जीपच्या उघड्या मागच्या बाजूने मला मागे पडणारे किलोमीटरचे दगड दिसत होते. माझ्याकडे वळलेल्या बाजूवर ‘सांगली’ लिहिलेलं होतं आणि दर दगडाला आकडा वाढत होता. “काका, रस्ता चुकलाय वाटतं,” मी हळूच म्हणाले. “तू गप बस गं. माणसानं सांगितलंय नव्हं?” आता इतक्या वर्षांनी फोनमधली रस्ता सांगणारी बाई मला कधीकधी थेट उसाच्या फडात नेऊन सोडते, तरी तिला कोणी गप्प बसवत नाही, आणि मी अजून दगड वाचते. त्या दिवशी मी ड्रायव्हरच्या सीटची पाठ घट्ट धरली आणि मोठ्याने म्हणाले, “सांगली मागे राहिली. गाडी वळवा, नाहीतर मी इथेच उतरते.”