साडूभाऊंची क्वाड बाईक

जगातली कोणतीही वस्तू कारखान्यातून पूर्ण होऊन बाहेर पडते, यावर आमच्या साडूंचा काडीचाही विश्वास नव्हता. कंपन्या अर्धं काम करून माल बाजारात पाठवतात आणि उरलेलं अर्धं आपल्यावर सोपवतात, अशी त्यांची ठाम समजूत. माझ्या बायकोने एकदा नवी इस्त्री कौतुकाने दाखवली, तेव्हा तिची वायर उजवीकडूनच का निघते यावर त्यांनी असं काही प्रवचन दिलं, की बिचारी महिनाभर डाव्या हाताने इस्त्री करून बघत होती. दोष खरा त्यांच्या नोकरीचा. दुबईतल्या जबल अलीच्या एका कारखान्यात ते पाण्याच्या टाक्यांची ड्रॉइंग काढत. "टाकीत काय सुधारणार, साडूभाऊ? चार भिंती नि एक झाकण!" असं ते कामावर जाता-येता शारजाच्या ट्रॅफिकमध्ये स्टिअरिंगवर हात आपटून मला रोज ऐकवत. आम्ही दोघेही एकमेकांना साडूभाऊच म्हणत असू. त्यामुळे त्या गाडीत दोन साडूभाऊ असत आणि त्यातला एकच बोलत असे.

नव्वदच्या दशकात, मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून त्यांनी जुनी क्वाड बाईक घेतली. मोटारसायकलसारखं हँडल, चार गुबगुबीत चाकं, एका माणसापुरती सीट आणि वाळूच्या टेकड्यांवर चढायची हौस, एवढं त्या वाहनाचं वर्णन. साडूंना मात्र ते सुधारणांचं कोठारच सापडलं. दर शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, ती पिकअपमध्ये घालून आम्ही धैदच्या रस्त्याला वाळवंटात जायचो. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, पिकअपच्या सावलीत चटई टाकून क्रोशाचं विणकाम काढून बसायची. साडू गाडी चालवत कमी आणि दुसऱ्या चालवणाऱ्यांना अडवत जास्त. "भाई, इसमें क्या तकलीफ है?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. एक अरब तरुण म्हणाला, "वजन, हबीबी! उलटी हुई तो खलास." तिथेच भाड्याने गाड्या देणारा एक पठाण होता. त्याने शांतपणे सांगितलं, "तकलीफ गाड़ी में नहीं, चलानेवाले में है." साडू त्यावर आठवडाभर गंभीर होते. चालवणाऱ्यात सुधारणा कशी करावी, हे त्यांना सुचत नव्हतं.

त्यातच त्यांना कुठूनशी स्नोमोबाईलची परदेशी मासिकं मिळाली. बर्फाळ डोंगरांवर पळणाऱ्या त्या गाड्या त्यांनी जन्मात पाहिल्या नव्हत्या. पण बर्फ आणि वाळू यांत त्यांच्या मते फक्त तापमानाचा फरक होता. "तिकडचे लोकही हेच मागतायत बघा! वजन कमी करा, उलटा गिअर द्या, रुतली तर उचलायला धड दांडा द्या." पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हाळ्यात, कुणा अनोळखी माणसाचा अंगठा थंडीने बधिर होतो म्हणून हे गृहस्थ मनापासून हळहळत. तिकडे हँडल गरम करायची सोय असते हे वाचून त्यांनी इकडे ते गार करायचं ठरवलं आणि त्याला ओला टॉवेल गुंडाळला. टॉवेलवर वाळू बसली, वाळूने वेग वाढवायचा थ्रॉटल अडकला आणि साडू थेट उंटांच्या कुंपणात शिरले. उंटांनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला अजून विसरता येत नाही.

पण एका शुक्रवारी हसू थांबलं. एका उभ्या टेकडीवर गाडी तिरकी झाली, कलंडली आणि साडूंना घेऊनच खाली आली. आम्ही धावत पोचलो तेव्हा त्यांचा डावा पाय गाडीखाली होता. चेहरा पांढराफटक पडला होता. ताईने चपला कुठे टाकल्या कुणास ठाऊक. त्या तापल्या वाळूत गुडघे टेकून ती दोन्ही हातांनी वाळू उपसत होती. मी आणि पठाणाने गाडी उचलायला घेतली, तर खालून क्षीण आवाज आला, "साडूभाऊ, इथे दांडा हवा होता बघा... उचलायला."

"गप्प बसा!" ताई ओरडली. त्यांच्या संसारात तिचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

घोटा मोडला होता. प्लास्टर घालून घरी आणल्यावर, आता गाडी विकायचं फर्मान निघणार याची आम्हाला खात्री होती. साडूंनी तर मान आधीच खाली घातली होती. ताई पाण्याचा पेला त्यांच्या हातात देत म्हणाली, "इतकी वर्षं त्या वाळवंटात दिसेल त्याला विचारलंत, गाडीत काय हवं म्हणून. मला कधी विचारलंत?"

"तुला? पण तू कुठे चालवतेस?"

"चालवत नाही. बसून असते. चटईवर." तिने त्यांच्या प्लास्टरखाली उशी सारली. "मागे बसायला जागा हवी."

साडूंनी पेला खाली ठेवला. मग इतकंच म्हणाले, "हो. हवी."

ही एक सुधारणा त्यांनी कुणाशीही चर्चा न करता केली. प्लास्टर निघेपर्यंत ड्रॉइंगवर ड्रॉइंग काढली, मागचा भाग लांबवून घेतला, चाकांमधलं अंतर वाढवलं, भक्कम पाठ आणि दोन्ही बाजूंना धरायला दांडे बसवून घेतले. मागे कितीतरी वेळा मला बसवून, सपाट वाळूवर चकरा मारून पाहिलं. उभ्या टेकड्या मात्र त्यांनी कायमच्या सोडल्या. ताई पहिल्यांदा बसली त्या दिवशी ते इतक्या हळू चालवत होते की पठाण शेजारून चालत चालत त्यांच्याशी गप्पा मारत होता.

आता साडूंना नाशिकला परतून बरीच वर्षं झाली. त्यांचा विषय निघाला की मला हिवाळ्यातला एक शुक्रवार आठवतो. दोघं एका बसक्या टेकडीपलीकडे गेली आणि इंजिनाचा आवाज बंद पडला. मी दोन पेले चहा ओतून ठेवला होता. बराच वेळ कुणी येईना, तेव्हा मी धावतच टेकडी चढलो. पलीकडे गाडी सरळ उभी होती. ताई बोलत होती. लग्नानंतर ती शारजात आली तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं. दिवसभर खिडकीशी बसून ती समोरच्या इमारतीतल्या बायकांना मनातल्या मनात मराठी नावं द्यायची, हे ती सांगत होती. ज्या माणसाला मी दोन मिनिटं गप्प पाहिलं नव्हतं, तो हेल्मेट मांडीवर घेऊन ऐकत होता.

"मग? समोर राहायची तिचं काय नाव ठेवलं होतंस?" त्यांनी विचारलं.

मी आवाज न करता खाली उतरलो. ते परत आले तेव्हा चहा पार गार झाला होता. दोघांनी तो तसाच प्यायला.