तेजलचं कोटिंग आणि माझी धास्ती

आम्ही जे कोटिंग बनवतो, त्याच्यावर काही टिकत नाही. पाणी नाही, तेल नाही, धूळ नाही. माणसांना मात्र ते अजून कोणी लावलेलं नाही, म्हणून आमच्याकडे किस्से साचत जातात. दुपारी डबे उघडले की कोणीतरी म्हणतं, "ते दसऱ्याचं सांग ना," की झालं सुरू. गंमत म्हणजे प्रत्येक किश्शात तेजल असते. मी पण असते, पण कडेला. कुठे पाणी सांडताना, कुठे किंचाळताना.

जळगावच्या एमआयडीसीत, पाइपांच्या कारखान्यांमागे आमचं छोटंसं युनिट आहे. मालकांना सगळे नाना म्हणतात. त्यांचं आयुष्य लोखंडाला रंग देण्यात गेलं आणि आता उतारवयात त्यांना या नव्या कोटिंगचं वेड लागलंय. लॅबमध्ये आम्ही दोघीच. मी वैशाली, धुळ्याची, एमएस्सी केमिस्ट्री. आणि तेजल, एरंडोलची. ती पण एमएस्सीच, पण तिला ते सांगावं लागत नाही. दोघी एकाच आठवड्यात लागलो, दोघी टेम्पररी. नानांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "वर्षभर बघतो. मग तुमच्यातली एक लॅब इनचार्ज होईल. दुसरीचं आपण बघू."

‘बघू’ म्हणजे काय, याचा मी तेव्हापासून रोज झोपताना विचार करते. तेजल करत नसावी. तिच्या डोळ्यांखाली काळं नाही.

* * *

कामाची वाटणी झाली ती एका चहामुळे.

कोणी गिऱ्हाईक आलं की तेजल पांढऱ्याशुभ्र रुमालावर कोटिंग मारायची आणि नानांच्या हातातला चहाचा कप घेऊन, हसत हसत, त्याच्यावर ओतायची. चहाचे गोल मणी व्हायचे आणि घरंगळून ताटलीत पडायचे. रुमाल कोरडा! गिऱ्हाइकाचा ‘आ’ मिटायचा नाही. मग ती तोच चहा उचलून म्हणायची, "नाना, घ्या, वाया नाही गेला."

मी एकदा करून बघितलं. कप हातात घेतला आणि तेवढ्यात ओव्हनचा बझर वाजला. मी दचकले. चहा रुमालावर पडला नाही, गिऱ्हाइकाच्या पँटवर पडला. पँटला कोटिंग नव्हतं.

त्या संध्याकाळी नाना म्हणाले, "आपण असं करू. कोटिंग काय काय करू शकतं ते तेजल सांगेल. आणि त्याच्यात काय काय बिघडू शकतं, ते तू शोध. तुला जमेल ते. तुला तशीही सगळ्याची भीती वाटते."

म्हणजे तिच्याकडे चहा आणि टाळ्या. माझ्याकडे घासणीचं मशीन, गंज तपासायची मिठाच्या फवाऱ्याची पेटी आणि एक वजनकाटा, ज्याच्याकडे बघून आजवर कोणीही टाळी वाजवलेली नाही.

* * *

दसऱ्याला आमच्याकडे मशिनींची पूजा असते. तेजलने आदल्या दिवशी हौसेने मोठ्या मिक्सरला कोटिंग मारून ठेवलं. आरशासारखा चमकत होता. मी तेव्हाच म्हटलं होतं, "अगं, पूजा आहे उद्या," पण मला नक्की कशाची भीती वाटतेय ते मलाच सांगता येईना, त्यामुळे कोणी लक्ष दिलं नाही.

सकाळी नानांनी सोवळ्याने स्वस्तिक काढायला घेतलं. बोट कुंकवात बुडवलं, मिक्सरला लावलं. कुंकू गोळा होऊन खाली. परत लावलं. परत खाली. हळद खाली. हार अडकवायला म्हणून चिकटपट्टी लावली, ती हारासकट खाली. नानांचा चेहरा उतरला. ज्या मशिनीवर युनिट चालतं, तिला कुंकू लागत नाही म्हणजे काय हो?

तेजल पुढे झाली. "नाना, देवाच्या मनात काय ते समजा ना. एवढी चोख मशीन आहे, की तिला नजरही चिकटायची नाही."

नाना हसले, आणि तिच्या हातावर पेढा ठेवला. नंतर दुसरा.

कुंकू लागणार नाही हे मला आदल्या दिवशी नीट सुचलं असतं, तर पेढा मला मिळाला असता का? नसता. मला विचारलं असतं, "मग अगोदर का नाही बोललीस?"

* * *

घरचं तरी माणूस आपलं असतं. माझी आई धुळ्याहून रोज रात्री फोन करते. एकदा तिने मलाच एक व्हिडिओ पाठवला. बघते तर रुमाल, चहा आणि तेजलचं हसू. कोणीतरी काढून ग्रुपवर टाकला होता आणि तो फिरत फिरत आमच्या गल्लीत पोचला होता. खाली आईने लिहिलं होतं, ‘बघ, मुली कशा पुढे जातात.’

मी लगेच फोन केला. "आई, ती माझ्याच लॅबमध्ये आहे. माझ्या शेजारी बसते."

"हो का?" आई म्हणाली. "मग तिच्याशी मैत्री कर ना."

* * *

आता डाळमिलचं. इथून पुढचं मी हसत सांगत नाही, पण डब्याच्या वेळी सगळे हसतात.

सुमनअक्कांची डाळमिल आहे. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीने चालवली. बोलणं गावाकडचं, अहिराणी, आणि सरळ. त्यांच्याकडे अडचण अशी की वरून पोत्यात डाळ उतरते त्या पत्र्याच्या नळ्यात, तेल-पाणी दिलेली डाळ पावसाळ्यात चिकटून बसते. मग बायांना आत वाकून ती खरवडावी लागते. एकीच्या मनगटाला पत्रा लागून टाके पडले होते. अक्कांना ते फार लागलं होतं.

तेजलने एका नळ्याला आतून कोटिंग मारलं. अक्कांनी त्यातून तीच दोन-चार पोती डाळ दिवसभर फिरवून फिरवून सोडायची ठरवली. मी एवढंच म्हटलं होतं, "सुरुवातीला झाकण अर्धंच उघडा. डाळ नेहमीपेक्षा जोरात येईल." तेजल म्हणाली, "वैशू, येऊ दे ना जोरात!"

आली. पोत्याच्या तोंडावरून उडून, पोतं धरणाऱ्या दोघांच्या मधून, थेट अक्कांच्या अंगावर. पदरात डाळ, केसांत डाळ, चष्म्यावर डाळ. मी हातातली फाइल टाकून दाराकडे पळाले होते, हे नंतर मला सांगण्यात आलं.

अक्कांनी चष्मा काढला, पुसला. आम्हाला वाटलं, संपलं. तर त्या तेजलला म्हणाल्या, "पोर, हाई काय कयं तू! आते खरवडानं काम बंद."

आणि त्या टाके पडलेल्या बाईने तेजलच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. ते बघून मला जे वाटलं, त्याचं नाव मला माहीत आहे. पण खोटं कशाला बोलू, त्या बाईचं बरोबर होतं. नळा खरोखर कोरा निघाला होता. एक दाणा चिकटला नव्हता.

संध्याकाळी, डाळ फिरवून झाल्यावर, निघताना अक्कांनी त्याच डाळीच्या दोन पिशव्या भरून, तोंडं लाल दोऱ्याने मशीनवर शिवून, एकेक आम्हा दोघींना दिली. "पहिली डाळ शे. घर शिजवा." उरलेली त्यांनी स्वतःच्या घरी पाठवली.

* * *

तो नळा तपासायला लॅबमध्ये आला. मी टॉर्च घेऊन आत बघितलं. जिथे नळा वाकतो, जिथे डाळ आदळते, तिथे तळहाताएवढ्या जागेत कोटिंग नव्हतं. नुसता पत्रा.

मी नानांना बोलावलं. नाना म्हणाले, "घासलं गेलंय. अजून एक हात मारू तिथे."

"पण नाना, गेलं ते कुठे गेलं?"

"म्हणजे?"

"नळ्यावर नाही. जमिनीवर नाही. नळ्यातून फक्त डाळ गेली."

नानांनी तेजलकडे बघितलं. तेजल म्हणाली, "नाना, चिमूटभर असेल हो. चार पोत्यांत चिमूटभर. आणि ते पोटालाही चिकटणार नाही." दोघं हसले. मी पण हसले, म्हणजे तोंड तसं केलं.

ते खाल्ल्याने काही होतंच, असं मला म्हणायचं नव्हतं. होत नाही हे आपल्याला माहीत नाही, एवढंच म्हणायचं होतं. लोखंडासाठी बनवलेली वस्तू आहे, जेवणासाठी कोणी तपासलेली नाही. पण हे वाक्य लांब आहे आणि तेजलचं छोटं होतं.

माझी डाळीची पिशवी मी खोलीवर पलंगाखाली ढकलून दिली.

* * *

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नानांनी सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं. काकूंच्या, म्हणजे नानांच्या बायकोच्या, हातचे मांडे, उलट्या खापरावर भाजलेले. तेजलने काकूंना भेट म्हणून नवंकोरं खापर कोटिंग मारून आणलं होतं. पहिला मांडा काकूंनी हातावर झुलवत त्याच्यावर टाकला आणि तो सर्रकन घसरून चुलीत गेला. दुसरापण. बायका हसून लोटपोट.

मग वास आला. तिखट, प्लास्टिक तापल्यासारखा. कोणाला येत नव्हता, मला येत होता. हे कोटिंग एवढ्या आचेवर चालत नाही, हे माझ्याच टेस्टमध्ये निघालं होतं. मी ओरडले, "बाजूला व्हा!" आणि शेजारची बादली उचलून सगळी चुलीवर ओतली.

वाफ, राख, काकूंची नवी साडी. पुरणात पाणी. खापराचे दोन तुकडे.

जाताना काकूंनी तेजलची ओटी भरून तिला साडी दिली. एवढ्या प्रेमाने भेट आणली होती पोरीने. मला म्हणाल्या, "वैशाली, डॉक्टरला दाखव हो एकदा. एवढं घाबरणं बरं नाही."

* * *

शेवटचा किस्सा मागच्या महिन्यातला.

अक्का मोठी ऑर्डर द्यायला आल्या. मिलमधल्या सगळ्या नळ्यांना कोटिंग. ऑर्डर झाली की तेजल इनचार्ज, हे नाना सकाळीच सांगून बसले होते. केबिनची किल्ली टेबलावरच होती, लाल रिबिन लावलेली. रिबिन पण!

तेजलने सगळं छान सांगितलं. मग नाना म्हणाले, "वैशाली, तुझं काही असेल तर थोडक्यात."

मी उभी राहिले. तो वाकलेला नळा मी टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "अक्का, इथलं कोटिंग गेलंय. ते डाळीत गेलं असणार. खाल्लं तर काय होतं, आम्ही तपासलेलं नाही."

खरं सांगू का, ते म्हणताना माझं लक्ष अक्कांकडे नव्हतं, किल्लीकडे होतं.

अक्कांनी आत बोट फिरवलं. मग मला विचारलं, "तुले दिन्ही ती डाळ, तू नही खादी का वं?"

"नाही. पिशवी तशीच आहे."

"अहो, ती अशीच," नाना हसले. "बझरला दचकते."

अक्का तेजलकडे वळल्या. "तुन्ही कशी शिजनी?"

"एकदम मऊ, अक्का," तेजल म्हणाली. "घरी सगळ्यांना आवडली."

"मन्हा नातूले बी," अक्का म्हणाल्या. त्यांचा चेहरा मोकळा झाला. "रोज तीच मागस. वाटीमा घी टाकीसन."

ऑर्डर झाली. नानांनी किल्ली तेजलच्या हातात दिली. अक्का खाली गाडीकडे गेल्या. नाना मला म्हणाले, "तिचं सामान केबिनमध्ये न्यायला मदत कर."

मी तिचं कपाट उघडलं. वर ॲप्रन, रुमालांची चळत. खालच्या कप्प्यात, मागे, डाळीची पिशवी. तोंडावरचा लाल दोरा शिवलेला होता तसाच.

मी पिशवी बाहेर काढली. तेजल दारात उभी होती. ती पिशवीकडे बघत होती. खाली अक्कांची गाडी सुरू झाली.

तिने माझ्या हातातून पिशवी घेतली आणि जिन्याने धावली. मी मागे गेले, नाना माझ्या मागे. तिने काचेवर हात मारला. काच खाली झाली.

"अक्का, मी खोटं बोलले. ही बघा, उघडलेली नाही." तिला धाप लागली होती. "मला भीती वाटली. तुमच्या नातवाला ती डाळ देऊ नका."

अक्कांनी पिशवी मांडीवर घेतली. दोऱ्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "आजथून ती डाळ बंद. तुम्ही पहिले तपासा, मंग मन्हाकडे या." आणि गाडी गेली.

गेटपाशी आम्ही तिघं. तेजल रडत होती. किल्ली तिच्याच मुठीत होती, रिबिन बाहेर लोंबत होती. मी नानांकडे बघितलं. मनात म्हटलं, आता तरी.

नानांनी चष्मा काढून डोळे पुसले. तेजलच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले,

"वैशाली, शिकून घे. भीती वाटली तर ती अशी सांगायची असते."