उर्सूलबाईंच्या ल्यूटची मान

पॅरिसमधल्या आमच्या गल्लीत उर्सूल वोक्लेंबाईंना सगळेच वचकून असत. लग्न केलं नाही, आयुष्यभर ल्यूट हे बोटांनी छेडायचं तंतुवाद्य शिकवलं. शिष्य संपले, राग उरला. दर वर्षी मृतात्म्यांच्या दिवशी त्या अंथरुणाला खिळलेल्या गुरुपत्नीपुढे गुरूंनी रचलेली शोकरचना वाजवत. या वर्षी ल्यूटच्या पाटीला चीर गेली, म्हणून भाची सिदोनीनं ते ओनोरे कारागिराकडे नेलं. आदल्या दिवशी कापडात गुंडाळून परत आणलं.

"आत्या, डोळे मीट."

"चीर नीट बुजली का ते सांग."

सिदोनीनं कापड काढलं. इटलीतल्या बोलोन्याच्या जुन्या फळ्यांचं पोट तेच होतं. मान नव्हती. मागे चाक फिरवायची मूठ होती.

"व्हिएल करून घेतलं! थंडीत तुझी बोटं आखडतात ना? आता नुसतं चाक फिरवायचं. मोठमोठ्या घरच्या बायका हेच वाजवतात."

"बोटांबद्दल मी तक्रार केली होती?"

"रोज करतेस."

"तक्रार केली. मान कापायला सांगितलं नव्हतं!"

बाई तशाच ओनोरेच्या कारखान्यात शिरल्या.

"कोणाला विचारून कापलंस?"

"तुमच्या भाचीनंच सांगितलं, बाई. आणि आता ल्यूट वाजवतं कोण? येतात ती सगळी कापायलाच येतात."

"मी वाजवते. उद्या."

"मग ते भिंतीवरचं तेऑर्ब न्या. तेही ल्यूटच. मान लांब, एवढंच."

"एवढंच? गुरूंनी लिहिलंय ते बोट कुठल्या तातेवर, कुठे ठेवायचं इतकंच. सूर कुठला निघेल ते जुळणीवर. तुझ्या तेऑर्बवर तिथे बोट ठेवलं तर गाढव ओरडेल."

"जुळणी बदला."

"एवढ्या लांबीवर वरची तात चढवली तर तुटते. वाद्यं करतोस की खोकी?"

"गिटार देऊ?"

"तातांच्या पाच ओळी! माझ्या अकरा आहेत. उरलेल्या सहा तुझ्या टकलावर ताणू?"

तेवढ्यात त्यांची नजर ओट्यावर गेली. तिथे अकरा ओळींचं एक ल्यूट पडलं होतं. मानेवर खडूची रेघ ओढून झाली होती.

"हे कोणाचं?"

"नोटरींच्या बायकोचं. त्यांनाही व्हिएलच हवंय."

बाई भुशातल्या तिवईवर बसल्या, खुंट्या पिळून सूर लावले आणि शोकरचनेची सुरुवात वाजवली. व्हिएलची एक तात सारखी घुमत राहते, तिला थांबता येत नाही. इथे खालचा सूर विझेपर्यंत बाई थांबल्या. मग थुंकी लावून खडूची रेघ पुसली आणि ल्यूट काखेत मारून उठल्या.

"बाई, ते तुमचं नाही!"

"माझं ल्यूट माझंच होतं, तेव्हा तुझी करवत अडली का?"

दुसऱ्या दिवशी गुरुपत्नीनं डोळे मिटून सगळं ऐकलं.

"पोट दुसरं आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"पण वाद्य तेच."

उर्सूलबाईंनी भाचीचं व्हिएल तिच्याच हाती नोटरीणबाईंकडे पाठवलं. ल्यूटच्या बदल्यात व्हिएल मिळायचंच होतं, ते आयतं आल्यानं त्या खूश झाल्या. ल्यूट कुणी परत मागितलं नाही.

नोटरींचं घर समोरच आहे. रविवारी दुपारी तिकडे चाक फिरू लागलं की बोलोन्याचं ते पोट घुमतं. पहिल्याच सुराला उर्सूलबाईंची खिडकी धाडकन आपटते, इतकी की मागच्या महिन्यात काच फुटली. काच बसवायला त्यांनी ओनोरेलाच बोलावलं आणि तो बसवत असताना पूर्ण वेळ त्याला शिव्या दिल्या.