जिन्यात बसणारा किल्लीवाला

समोरच्या घरात आलेलं जोडपं अगदी नवंकोरं होतं. लग्नाला अजून महिनाही झाला नव्हता. सामान म्हणाल तर एक पलंग, दोन खुर्च्या, चार भांडी आणि एक आरसा, त्याचाही जिन्यात आणताना टवका उडाला. नवरा किल्लीवाला. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याची छोटीशी टपरी, तिथे हरवलेल्या किल्ल्या बनवून द्यायच्या आणि कुणी बोलावलं तर अडकलेली कुलपं उघडायला जायचं. बायको चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात. मी पडदे शिवते. मशीन दाराशीच ठेवलंय, कारण उजेड तिथेच येतो, आणि दार उघडं असतं. उघड्या दारातून जे दिसतं ते मी बघते. कुणाला चोंबडेपणा वाटला तर वाटो, डोळे काही मी भाड्याने आणलेले नाहीत.

माणूस गुणी होता, हे आधीच सांगून टाकते. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने माझं कपाट उघडून दिलं. सात वर्षं अडकलेलं कपाट ते, आमचे हे गेले तेव्हापासून. एक तार, एक कानस, आणि कुलपाशी कान लावून पाच मिनिटं बसला, झालं. फक्त सुरुवात करण्याआधी म्हणाला, की काकू, तुम्ही शेजारी उभ्या राहा. मला वाटलं काही धरायला हवं असेल. धरायचं काही नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं. मालक शेजारी असल्याशिवाय तो कुठल्याच कुलपाला हात लावत नाही म्हणे. मी म्हटलं, चांगली सवय आहे, धंद्याला शोभते.

पण पंधरा दिवस गेले आणि एक गोष्ट माझ्या डोळ्यात खुपायला लागली. बायको सातला यायची, पर्समधून किल्ली काढायची, दार उघडून दिवा लावायची. त्यानंतर पाच मिनिटांनी हा महाशय येऊन बेल वाजवायचा. बेल तरी कशी, चोरून वाजवल्यासारखी अर्धी. ती विचारायची, आजपण उशीर? हा म्हणायचा, गिऱ्हाईक होतं. आता गंमत ऐका. हा खालून जिना चढून येत नव्हता. वरून, गच्चीकडून उतरून येत होता. वर कधी सटकायचा, ते माझ्याही नजरेतून सुटायचं. गच्चीवर याचं कुठलं गिऱ्हाईक? कबुतरं किल्ल्या बनवून घेतात की काय?

माझं मन आधी वाकड्या वाटेने जातं, हे मला माहीत आहे. बिड्या ओढत असेल म्हटलं. पत्ते असतील. वरच्या मजल्यावर कुणी असेल. पण लष्कराच्या भाकऱ्या भाजायची मला काही गरज नव्हती, म्हणून गप्प बसले.

गप्प बसता आलं नाही ते पुढच्या रविवारी. ती पोरगी पडद्याचं कापड घेऊन आली, पिवळं, बारीक ठिपक्यांचं. मापं सांगता सांगता थांबली आणि कापड मांडीवर घेऊन बसूनच राहिली. मी काही विचारलं नाही. तीच बोलायला लागली. तिचे वडील ती लहान असतानाच गेले, आई दिवसभर कामावर. सहाव्या वर्षापासून घराची किल्ली बुटाच्या नाडीत ओवून हिच्या गळ्यात. शाळेतून यायचं, कुलूप काढायचं, अंधारात भिंत चाचपत दिवा लावायचा, आणि आई येईपर्यंत दिव्याखाली बसून राहायचं. तिला वाटायचं, लग्न झालं की हे संपेल. आपण यायचं, खिडकीत उजेड असेल, आपण बेल वाजवायची आणि आतून कुणीतरी दार उघडेल.

"काकू, मला दागिना नको, फिरायला जायला नको," ती म्हणाली. "मला एकदा बेल वाजवायची आहे फक्त. त्याची टपरी साडेपाचला बंद होते, मला माहीत आहे. कारखान्यातल्या बाईने पाहिलंय. मग तो दीड तास कुठे असतो? माझ्याबरोबर घरात बसणं त्याला नकोसं वाटत असेल, तर तसं सांगावं ना."

पडदे घाईने शिवू नका म्हणाली. काही दिवस आईकडे जायचा विचार आहे, मग बघू. असल्या 'मग बघू'ने मोडलेली घरं मी पाहिली आहेत.

सोमवारी सहा वाजता मशीन बंद केलं आणि माझे हे दुखरे गुडघे घेऊन दोन मजले वर चढले. मनात शिव्या तयार होत्या. गच्चीच्या बंद दाराशी, शेवटच्या पायरीवर, हा बसलेला. मांडीवर पिशवी. बिडी नाही, पत्ते नाहीत, बाई तर नाहीच नाही. हातात घराची किल्ली होती, त्याने स्वतः घासून बनवलेली, आणि तिच्यावरून तो नुसता अंगठा फिरवत होता.

मला पाहून उठला. मी म्हटलं, बस आणि बोल. मग हळूहळू सगळं निघालं. हा वाढला मामाच्या घरी. मामा वाईट नव्हता, मामीही वाईट नव्हती, जेवायला वाढताना हात आखडला नाही कधी. नवव्या वर्षी एकदा शाळेतून आला तर दार नुसतं लोटलेलं, घरात कुणी नाही. हा आत जाऊन बसला. संध्याकाळी मामाचं घड्याळ सापडेना. कुणी एक शब्द बोललं नाही. मामाने फक्त याच्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी घड्याळ कपाटामागे मिळालं, तेव्हाही कुणी काही बोललं नाही. त्या दिवसापासून, घरात माणूस नसताना हा कुठल्याच घरात शिरला नाही. मामाकडे असेपर्यंत पायरीवरच बसायचा. आता स्वतःचं घर झालं, तरी दाराशी आलं की पाय उचलत नाही म्हणे.

"लोकांची दारं उघडतो मी, काकू. तेव्हा मालक शेजारी असतो."

मला रडू आलं असतं, पण त्याच्याआधी राग आला. माझं नेहमी असंच होतं. मी त्याला म्हटलं, मूर्खा, तू इथे पायरीवर बसतोस आणि ती रोज अंधारात दिवा चाचपते. ती आईकडे निघाली आहे, तुला पत्ता आहे का? मग गळ्यातली किल्ली, नाडी, बेल, सगळं ओकले. तिने विश्वासाने सांगितलेलं होतं, पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही आणि त्या दिवशी भिजायला नकोच होता. तो पांढराफटक पडला.

मंगळवारी पावणेसहालाच तो जिना चढून आला, खालून. दाराशी उभा राहिला. किल्ली कुलपाला लावली, काढली, पुन्हा लावली. मग माझ्याकडे वळला.

"काकू, तुम्ही जरा इथे शेजारी उभ्या राहता?"

जीव तुटला माझा. दोन पावलांचं तर अंतर होतं. पण मी उठले ते माझं दार लावायला.

"मी नाही उभी राहणार," मी म्हटलं. "माझं घर नाही ते."

आणि दार लावून घेतलं. मशीनवर बसले, पण पाय चालेना. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग कुलपाचा आवाज आला, आणि त्यानंतर दिव्याच्या बटणाचा.

सातला ती आली. रोज ती दमून एकेक पायरी चढते, त्या दिवशी पळत आली. खालून खिडकी दिसते ना. दाराशी आली आणि पर्स उघडल्याचा आवाज झाला. मग पर्स बंद केल्याचा. मग बेल वाजली, चांगली लांबलचक.

मी देवाला म्हटलं, आता याचे पाय परत गारठवू नकोस.

"कोण?" आतून आवाज आला, इतका बारीक की जेमतेम ऐकू यावा.

"मी."

दार उघडलं. मग ती रडत होती की हसत होती ते मला दाराआडून कळलं नाही, पण बोलली ते नीट ऐकू आलं.

"दार लाव. परत विचार."

तीनदा वाजली ती बेल. तिसऱ्या वेळी त्याचा 'कोण?' चांगला खणखणीत आला, घरच्या माणसाचा येतो तसा. मी डोळे पुसले आणि ते पिवळं कापड कापायला घेतलं.