चाचांच्या भिंतीवरचा फळा

बोटीवर मी स्टुअर्ड होतो. साहेबलोकांना जेवण वाढायचं, अंथरुणं घालायची, आणि त्यांनी विषय काढलाच तर हवेवर दोन शब्द बोलायचे. त्यामुळे माझं इंग्रजी अंडं कसं हवं, उशी मऊ आहे ना आणि समुद्र आज बरा आहे, एवढ्यात आटोपतं. पण बोट सोडून गावी आलो आणि आमच्या जयगडच्या बाजूला इंग्रजीचा जाणकार ठरलो. कोणाचं आखातातून आलेलं औषध असो की बँकेचं पत्र, लोक माझ्याकडे आणतात. मी चष्मा लावून चेहरा गंभीर करतो. निम्मं भाषांतर त्या चेहऱ्यानेच होतं.

परदेशातली एक संस्था गावाला माहितीचा पडदा देणार असं ठरलं, तेव्हा दुभाष्या म्हणून सरपंचांनी साहजिकच मला धरलं. ही संस्था देशोदेशी छोटी वर्तमानपत्रं, गावांचे रेडिओ उभे करायला मदत करते. खेड्यातल्या माणसालाही बातमी कळली पाहिजे, सरकारी कागद बघायला मिळाला पाहिजे, असं तिचं म्हणणं. म्हणणं चांगलंच आहे. एसटीच्या थांब्यावर टीव्हीसारखा मोठा पडदा बसायचा होता आणि त्यावर योजना, हवामान, मासळीचे भाव झळकायचे होते. त्याला जागा मात्र एकच होती, थांब्यामागची चाचांच्या दुकानाची भिंत. आणि त्या भिंतीवर माझ्या आत्याचा फळा होता.

आत्या अंगणवाडीतून निवृत्त झाली तेव्हा शाळेने टाकून दिलेला फळा तिने चाचांच्या भिंतीला ठोकला. तेव्हापासून रोज सकाळी ती त्यावर गावाची खबर लिहिते. कुठली गाडी रद्द, तलाठी कधी बसणार, कोणाची म्हैस कुठे दिसली. ग्रामसभेत काय ठरलं आणि त्याचं पुढे काय झालं, हेही लिहिते. सरपंचांचं दुखणं हेच. नळाचा पाइप फुटल्यापासून तर फळ्याची शेवटची ओळ पाइपासाठी राखीव होती.

घरच्यालाही ती सोडत नाही. ‘माझ्या भाच्याने वहाळात कचरा टाकला. मी बघितलं आहे.’ असं एकदा तिने लिहिलं आणि पुढे कितीतरी दिवस मी थांब्यावरून जाताना खाडीकडे बघत जात असे, जणू माझी बोट यायची होती. चाचांच्या भिंतीवर तिने चाचांविषयीच लिहिलं होतं, ‘दुकानातली खारी नरम आहे. ताजी येईपर्यंत बटर घ्यावेत.’ चाचा पंधरवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. खारी मात्र ताजी आली.

त्या संस्थेच्या पाहुण्या बाई यायच्या आदल्या दिवशी सरपंच आत्याकडे आले. मी पडवीत चहा पीत होतो.

“बाई, फळा उतरवून ठेवा. तिथे चुना मारायचाय.”

“तू ये नि उतरव. मी शिडी धरते.”

“पडद्यावर सगळं येणारच आहे की.”

“पाइपाचं येणार?”

“ते बघू.”

“मग मी पण बघते,” आत्या म्हणाली. “तुला पाटीवर ‘ग’ गिरवायला मी शिकवलंय. तेव्हाही तू असाच बघू बघू करायचास.”

सरपंच माझ्याकडे बघून म्हणाले, “तुम्ही तरी समजवा.” मी बिस्किट चहात बुडवलं, ते आतच राहिलं, आणि ते काढण्यात मी जमेल तितका वेळ घालवला.

सकाळी थांब्यावर मांडव, खुर्च्या, शहाळी, सगळं सज्ज होतं. भिंतीवर फळा तसाच होता. आत्याने ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं:

‘आज परदेशी पाहुण्या येणार.
विषय: गावाला माहिती कशी मिळेल.
त्यासाठी हा फळा काढणार आहेत.
पाण्याचा पाइप: उत्तर नाही.’

बाई चांगल्या होत्या. उन्हाने लाल झाल्या होत्या, पण सगळीकडे बारीक लक्ष. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, तिथे काय लिहिलंय?

सरपंच माझ्या कानाशी आले. “सुस्वागतम म्हणून सांगा.”

आणि मी सांगितलं. जन्मभर साहेबाला ‘समुद्र बरा आहे’ सांगत आलेला माणूस मी. म्हटलं, मॅडम, वेलकम लिहिलंय.

आत्याला इंग्रजी येत नाही. पण ती पुढच्या रांगेतून म्हणाली, “मेल्या, मी चार ओळी लिहिल्यात. तुझ्या एका शब्दात मावल्या?”

लोक हसले. बाईंनी लोकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग मी फळ्याकडे तोंड केलं आणि चारही ओळी एकेक करून वाचून सांगितल्या. पाइपाला काय म्हणतात ते येत होतं. ‘उत्तर नाही’ हेही येत होतं. एवढ्यासाठी काही मोठं इंग्रजी लागत नाही.

बाईंनी विचारलं, पडद्यावर कोण लिहिणार?

“कार्यालयातून येईल,” सरपंच म्हणाले. “मंजूर झालेलंच.” मी तेही जसंच्या तसं सांगितलं.

“आणि ही भिंत कोणाची?”

सरपंच खुर्च्या सरळ करायला लागले. कारण भिंत चाचांची, हे गावाला माहीत होतं आणि चाचांना कोणी विचारलेलंच नव्हतं. चाचा शहाळी सोलत होते. कोयता खाली ठेवून ते पुढे आले.

“भिंत माझी आहे,” ते म्हणाले. “माझ्या खारीबद्दल तिने लिहिलं, तेव्हा मी फळा पुसला नाही. आता पुसायचं काय कारण? पडदा न्या, ऑफिसात लावा. इथे खिळा ठोकायचा नाही.”

सरपंच म्हणाले, “चाचा, पाहुण्यांसमोर...”

“पाहुण्यांसमोरच सांगतोय. नाहीतर मला विचारलं कोणी?”

हेही मी सांगितलं. एव्हाना माझा आवाज चढला होता, बोटीवर कधी चढला नव्हता इतका.

पडदा आला. ग्रामपंचायतीच्या आत, खुर्च्यांच्या वर बसला. वीज असली की त्यावर हसरी मुलं हात धुतात. नळाला पाणी नाही, तरी धुतात. बाईंनी जाताना फळ्याचा फोटो काढला. त्याचं पुढे काय झालं, कळलं नाही. आम्ही त्याची वाटही बघत नाही.

पाहुण्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी फळ्यावर मी होतो. ‘भाच्याने आधी खोटं सांगितलं, मग खरं.’ मी या वेळी खाडीकडे बघितलं नाही. उभं राहून वाचलं.

आता आत्याचा खांदा धरतो, हात वर जात नाही. ती चाचांच्या बाकावर बसून सांगते, मी लिहितो. अक्षर घाणेरडं आहे, असं रोज ऐकून घेतो. आज सकाळी सरपंच गाडीची वाट बघत तिथेच उभे होते. शेवटची ओळ आली तशी मी थांबलो.

“हात का थांबला?” आत्या म्हणाली. “तो उभा आहे म्हणून? मग जरा मोठं लिही, चष्मा विसरलाय तो.”

मी मोठं लिहिलं: ‘पाण्याचा पाइप: काल पुन्हा विचारलं. उत्तर नाही. उद्या पुन्हा विचारणार.’