रागिबच्या वतीने

गाझातल्या खान युनिसच्या निर्वासित छावणीत लग्न असो की मयत, कॉफी मिस्बाहच्याच हातची. अंगाने उंच, नाकावर कायम राग, आणि कॉफीच्या बाबतीत तर तो कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. बिया स्वतः भाजायचा, स्वतः कुटायचा, आणि पितळी किटली डाव्या हातात धरून पाहुण्यापुढे असा उभा राहायचा की आपलंच काही चुकलं की काय, असं पाहुण्याला वाटावं.

अशा माणसाची खोड काढली ती त्याच्या आतेभावाने, रागिबने. तीही मिस्बाहच्या थोरल्या मुलाच्या, गानिमच्या लग्नात. आमच्यात पाहुण्याने भरलेला पेला न पिता खाली ठेवला, की त्याची काही मागणी आहे असं समजायचं. ती कबूल होईपर्यंत तो पीत नाही. रागिबने पेला ओठांना लावल्यासारखं केलं आणि खाली ठेवला. सगळ्या माना मिस्बाहकडे वळल्या. मिस्बाहने रीतीप्रमाणे विचारलं, "मागणी सांग. मान्य आहे."

"खरी कॉफी आण," रागिब म्हणाला.

मांडव खदखदून हसला. नवरदेवसुद्धा हसला. मिस्बाह तेवढा हसला नाही, आणि पुढची दहा वर्षं तो रागिबशी बोलला नाही. रागिब गल्लीत भेटला की मुद्दाम मोठ्याने सलाम ठोकायचा; मिस्बाह भिंतीकडे बघून सलामाचं तेवढं उत्तर द्यायचा. ईदला रागिबच्या घरून खजूर भरलेल्या बिस्किटांचं ताट यायचं. ती त्याच्या बायकोने केलीत, त्याने नव्हे, असं जाहीर करून मिस्बाह ती निम्मी एकटा संपवायचा. खरं सांगायचं तर दोघांचं बरं चाललं होतं. इतकं नियमित भांडण सख्ख्या भावांतही कुणी सांभाळत नाही.

मग युद्ध आलं. रागिबचं घर गल्लीत आत, दुमजली, भक्कम. म्हणून सगळे तिथेच गोळा झाले होते: भाऊ, मुलगे, सुना, नातवंडं. एका सकाळी इस्रायली विमानाने त्या घरावर बॉम्ब टाकला. रागिबची थोरली बहीण, हज करून आलेली हाज्जा नजमिया, कणीक घेऊन भट्टीवर गेली होती. ती गरम रोट्या घेऊन परतली तेव्हा घरही नव्हतं आणि खाणारंही कुणी नव्हतं. जे हाताला लागले त्यांना त्याच दिवशी, वर विमानं घोंघावत असताना, घाईघाईने मातीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी नजमिया मिस्बाहकडे आली. "दुखवट्याला बसायचंय," ती म्हणाली. "लोक येतील, त्यांचे हात हातात घ्यायला आमचा एकही पुरुष उरला नाही. तू उभा राहा."

कॉफीचं सगळं मी बघतो, असं मिस्बाह म्हणाला.

"कॉफी कुणीही करेल."

हे त्याला आयुष्यात कुणी ऐकवलं नव्हतं. आमचा अबोला सगळ्या छावणीला ठाऊक आहे, लोक नावं ठेवतील, असं काहीबाही तो बोलला. खरी अडचण वेगळीच होती. मेलेल्याच्या वतीने जो उभा राहतो, त्याला चारचौघांत सांगावं लागतं की याने कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाचं काही राहिलं असेल, त्याने माझ्याकडे यावं. हे दफनाआधी व्हायला हवं होतं, पण सांगणारं कुणी नव्हतं.

"हाज्जा, तुम्हीच सांगा, माझ्या अपमानाची भरपाई मी माझ्याकडेच मागू?"

"माग," नजमिया म्हणाली. "माफीवाचून तो तुझ्यापाशी अडकून राहायला नको. मला आता याच्याशिवाय काही नको, मिस्बाह."

शाळेच्या अंगणात दुखवटा मांडला. शाळा अर्धी पडलेली, खुर्च्या मागून आणलेल्या, आणि बिया मिळेनात म्हणून कॉफीत भाजलेले हरभरेच जास्त. मिस्बाहने त्या किटलीकडे वळूनही पाहिलं नाही. येणाऱ्या प्रत्येकाचा हात त्याने हातात घेतला. मग दुपारच्या नमाजानंतर मशिदीच्या शेखनी खूण केली आणि तो पुढे आला. बायका घोंगड्यांच्या आडोशामागे बसल्या होत्या.

त्याने रागिबच्या वतीने विचारलं. कुणी म्हणालं, माझी शिडी मोडली होती त्याने, सोडून दिलं. कुणी म्हणालं, एकदा फार लागेल असं बोलला होता, माफ केलं. नंतर सगळे मिस्बाहकडेच बघू लागले.

"अबू गानिम, तुमचं?" शेखनी त्याला मुलाच्या नावाने हाक मारून हळूच विचारलं.

"त्याने भरल्या मांडवात माझा अपमान केला," मिस्बाह म्हणाला. "दहा वर्षं जपलाय मी तो. आता सोडला तर त्याचं माझ्याकडे काहीच उरणार नाही."

आडोशामागून नजमियाने त्याला नुसती नावाने हाक मारली.

"सोडला," तो म्हणाला. "आणि त्या दिवशी कॉफी खरंच पातळ झाली होती." मग तो तिथेच उभ्याउभ्या, एवढा दांडगा माणूस, तोंडावर हात घेऊन रडला. रागिब त्याला फार आवडायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यालाच ते उशिरा कळलं.

मग त्याने रागिबच्या बायकोच्या वतीने विचारलं, भावांच्या, मुलांच्या, सुनांच्या वतीने विचारलं. नातवंडांपाशी आला तेव्हा शेखनी त्याला थांबवलं. लहान मुलांच्या नावावर कसलंही पाप नसतं, त्यांचं विचारायचं कारण नाही.

नजमिया आडोसा सारून पुरुषांत आली. "नावं घे त्यांची," ती म्हणाली. "एवढ्या घाईत पुरलं, नावंसुद्धा घेतली नाहीत कुणी."

मिस्बाहने नावं घेतली. विसाल. नदीम. रुबा. तमीम. शेवटी जूदी, जी नुकतीच आधाराशिवाय बसायला शिकली होती. "जूदीने कुणाचं मन..." एवढंच त्याला म्हणता आलं.

"आता उलटं विचार," नजमिया म्हणाली. "जूदीचं कुणाकडे काय राहिलंय, ते विचार."

अशी रीत नाही. पण शेखनी अडवलं नाही. मिस्बाहने डोळे पुसले, खांदे ताठ केले आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाला, "जूदीचं ज्याच्याकडे काही राहिलं असेल, त्याने माझ्याकडे यावं. मी इथेच उभा आहे."